एकवीस टाक्यांचा शेला

एका राज्यात जे वाटोळं झालं, त्याला राजा जबाबदार होता. दुष्काळ नाही, शत्रू नाही, ग्रह तर मुळीच नाहीत. राजा उदंडसेन जबाबदार होता, आणि हे दरबारातल्या प्रत्येक पांढऱ्या दाढीला ठाऊक होतं. दाढ्या कुरवाळायला त्यांना वेळ होता, तोंड उघडायला नव्हता.

झालं ते असं. उदंडसेन नुकता गादीवर बसला होता. शेजारचा राजा पाहुणा म्हणून आला, महाल बघत बघत शयनगृहात शिरला, आणि पलंगावर त्याला एक गोधडी दिसली. राजमाता सौदामिनीने ती आपल्या जुन्या लुगड्यांची, सासूच्या खणांची आणि लेकाच्या पहिल्या अंगरख्याची स्वतःच्या हाताने शिवली होती. पाहुणा हसून म्हणाला, "राजाच्या पलंगावर ठिगळं?"

एवढंच. उदंडसेनाचे कान तापले. त्याने गोधडी उचलली, तटावर गेला आणि खालच्या घळईत भिरकावून दिली. मग अंगावरच्या शेल्याची शपथ घेऊन त्याने हुकूम काढला, की आजपासून या राज्यात मोडकं, फाटकं, सांधलेलं काही राहणार नाही. ज्याच्या घरात सापडेल त्याने दर पौर्णिमेला, भर दुपारी, स्वतःच्या हाताने ते घळईत फेकावं. फेकणार नाही तो स्वतः खाली जाईल.

राजमाता मंत्रविद्या जाणत होती. गोधडीच्या मागोमाग ती घळईत उतरली, आणि उतरताना तिने शाप दिला: "ज्या हाताने ही फेकली, त्याच हातून आलेलं त्याच्या अंगावरचं वस्त्र हिला लागेपर्यंत या राज्यात काहीही सांधलं जाणार नाही."

त्या दिवसापासून शिंप्याचा टाका घातल्या घातल्या निसटू लागला. कल्हईवाल्याची कल्हई पापुद्र्यासारखी सुटू लागली. सुताराचा खिळा सकाळी जमिनीवर पडलेला सापडे. जे तुटलं ते तुटलंच. लोक फेकत गेले. तीस वर्षं फेकत गेले. घळई भरत भरत ढीग तटाला टेकला, त्याच्याखाली नदी गुदमरली आणि विहिरी आटल्या. राजगुरू विद्यानिधी दर पौर्णिमेला मोठ्याने म्हणत, "त्यागात सुख आहे." त्यांच्या घरी पाणी महालातून येत असे.

त्या राज्यात बकुळा नावाची मुलगी होती. तिचे आजोबा रफूगार होते. फाटलेल्या कापडात सुताने सूत विणून ते भोक असं बुजवत, की फाडणाऱ्यालाही जागा सापडू नये. शापानंतर त्यांच्या हाताला काम उरलं नाही. बकुळा राजगुरूंच्या पाठशाळेत जात होती, पण एके दिवशी तिने विचारलं, "गुरुजी, आपण सगळं टाकतो, टाकतो म्हणतो. म्हणजे ते जातं कुठे?"

"दूर."

"दूर कुठे? खिडकीतून तर दिसतंय."

तिला त्याच दिवशी पाठशाळेतून काढलं. ती रडली नाही. घरी आली तर आजोबा हसले आणि मरायच्या आधी त्यांनी तिला दोन गोष्टी दिल्या. एक त्यांची सुई. दुसरं एक गुपित. "राजाच्या अंगावरचा शेला सात पिढ्यांचा आहे, पोरी. सात पिढ्या एकच शेला टिकतो होय? त्यावर एकवीस ठिकाणी रफू आहे. शेवटचे सात माझे. उलट्या बाजूला तिळाएवढी गाठ आहे, ती आपल्या घराण्याची खूण. बोललीस तर मान जाईल."

बकुळाने सुई अंबाड्यात खोवली आणि गुपित पोटात ठेवलं.

तिचा थोरला भाऊ रावजी महालात भोई होता. एका पौर्णिमेला महालाने शंभर हंडे फेकायला काढले, कारण काय, तर त्यांचे काठ जरा चेपले होते. ते वाहता वाहता रावजीचा पाय तटावरून घसरला. मांडीचं हाड मोडलं. वैद्याने खपाट्या बांधल्या, पण त्या राज्यात काही सांधलंच जात नव्हतं, मग हाड कसं सांधावं? पंधरा दिवस झाले, हाड होतं तसंच. राजगुरू त्याच्या खाटेपाशी आले, बोटाने मांडी दाबून पाहिली आणि म्हणाले, "मोडका भोई ही मोडकी वस्तूच. येत्या पौर्णिमेला याला खाली सोडावं."

याआधी माणूस कधी फेकला नव्हता. तरी एकही म्हातारा पुढे आला नाही. काही जणांनी मान हलवली, ती होकारार्थी होती.

रावजी म्हणाला, "बकू, जाऊ दे. नाहीतरी मी आता कोणाच्या कामाचा?"

"दादा, तू गप्प पड. पंधरा दिवस आहेत."

ती तटावरून ढिगावर उतरली. वाटेत एका फुटक्या सुपावर शिंपी पक्षी बसला होता. हा पक्षी पानं शिवून घरटं करतो. त्याच्या चोचीत सूत होतं आणि पुढ्यात दोन पानं. तो टाका घाली, टाका निसटे. तो पुन्हा घाली.

"काय बघतेस?" पक्षी म्हणाला. "तीस वर्षांत माझ्या घराण्यातलं एकही अंडं घरट्यात उबवलेलं नाही. आम्ही जमिनीवर घालतो आणि सापाला नमस्कार करतो."

"गोधडी कुठे आहे?"

"तळाशी. म्हातारीपाशी. तिकडे गेलेले परत येतात, पण रिकाम्या हाताने."

"वाट दाखवतोस?"

"दाखवतो. काम झालं तर पहिला टाका माझ्या घरट्याचा."

"नाही. पहिला टाका दादाच्या हाडाचा. दुसरा तुझा."

पक्ष्याने मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं. "खरं बोलतेस. चल."

तळाशी राजमातेचं घर होतं. टाकलेली दारं एकमेकांना टेकवून उभी केलेली, कुठे खिळा नाही. मोडक्या वस्तू म्हातारीचं ऐकत. ती चालली की घागरी बाजूला सरत. तिने हाक मारली की पळी चालत येई. घरामागे कातळात एक दगडी दार होतं आणि दारासमोर बोरीचं एक सुकलेलं रोप.

बकुळाने नमस्कार केला. राजमाता म्हणाली, "गोधडी या दाराआड आहे. दार मी मंत्राने बंद केलं. तीन कामं केल्याखेरीज शाप सुटत नाही, आणि ती माझ्या हातून व्हायची नाहीत. या बोरीला सात दिवस, सात रात्री थेंब थेंब पाणी मिळायला हवं. पहिल्या दिवशी मावळतीपर्यंत तू तिच्याजवळ जाऊ शकतेस. नंतर सात दिवस सात पावलांच्या आत आलीस तर ती जळेल. हे पहिलं."

"आणि बाकीची?"

"पहिलं होऊ दे. आजवर कोणाचं झालेलं नाही. जो येतो तो फुटकं मडकं लिंपायला बसतो. लिंपण गळून पडतं."

बकुळाही तेच करायला बसली. चिखल कालवला, चीर लिंपली, चिखल गळला. पुन्हा लिंपली, पुन्हा गळला. पक्षी बाजूला टाके घालत होता आणि त्याचे टाके निसटत होते. बकुळाने त्याच्याकडे पाहिलं, मडक्याकडे पाहिलं आणि चिखलाचा हात झाडला.

"आपण दोघंही गाढव आहोत," ती म्हणाली. "शाप सांधण्याला आहे. सांधायचंच कशाला? गळतंय तर गळू दे. गळायचंच काम द्यायचं त्याला."

तिने ढिगातून चाळीस रांजण पाहिले. एकेकात करवंटीभर पाणी घालून कान लावला. एक घोटाघोटाने सांडत होता, एक रडक्या पोरासारखा. एकेचाळिसाव्या रांजणाला केसाएवढी चीर होती. त्यातून एक थेंब येई, मग माणूस दोन श्वास घेई, मग दुसरा येई. तो तिने बोरीच्या मुळाशी गळ्यापर्यंत पुरला. ढिगाच्या पोटात अडकलेल्या नदीचं पाणी करवंटीने आणून आणून भरला. मावळतीला काठोकाठ झाला, तेव्हा उन्हाने पिऊ नये म्हणून तोंडावर चेपकी परात ठेवली आणि सात पावलं मागे सरली.

सात दिवस झाले. बोरीला सात पानं आली.

राजमातेने पानं मोजली. "तुझं डोकं ठिकाणावर आहे," ती म्हणाली. "दुसरं काम. या घळईच्या तळाला ऊन पडत नाही. दारावर ऊन पडलं तरच दार उघडेल. आणि ऊन वरून इथवर येताना सात वळणं आहेत."

बकुळाने ढिगावरून नजर फिरवली. महालाच्या मेजवान्यांची पितळी ताटं शेकड्याने पडली होती, सगळी काळी पडलेली. मुदपाकखान्याची रोजची राख पडली होती. चिंचेचा कोळ काढून फेकलेला चोथा पडला होता. तिने राख घेतली, चोथा घेतला आणि पहिलं ताट घासायला घेतलं. घासता घासता हाताची सालं निघाली. तिसऱ्या दिवशी तिने राजमातेला विचारलं, "आजी, एक विचारू?"

"विचार."

"तुमचं भांडण तुमच्या मुलाशी होतं. हाडं आमची का?"

पळी चालता चालता थांबली. घळईतलं एकही भांडं हललं नाही.

"राग आला होता," राजमाता म्हणाली.

"आला असेल. त्याच्या कानाखाली वाजवायची होती. तीस वर्षं पोरं तहानली. त्याने गोधडी फेकली, तुम्ही राज्य फेकलंत. दोघांचा हात एकाच घरातला."

राजमाता उठली, एक ताट ओढून घेतलं आणि बकुळाच्या शेजारी बसून घासू लागली. मंत्र न म्हणता, नुसत्या हाताने.

पौर्णिमेच्या सकाळी सात वळणांवर सात ताटं उभी राहिली. पहिल्याने सूर्याला धरलं आणि दुसऱ्याच्या तोंडावर फेकलं, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. उजेड उतरत उतरत खाली आला, आणि दारापासून हातभर अलीकडे जमिनीवर पडला. मध्ये कातळाची कड आड येत होती, ताट हलवून उपयोग नव्हता. तेव्हा शिंपी पक्ष्याने फुटक्या आरशाचा एक तुकडा चोचीत धरला, त्या उजेडात जाऊन उभा राहिला आणि मान वळवली. कवडसा दारावर चढला. दाराने डोळे उघडले, जांभई दिली आणि बाजूला झालं.

आत गोधडी होती. रंग ताजे होते. फक्त मधोमध, दगडावर आपटली होती तिथे, छातीएवढं भोक होतं.

"तिसरं काम," राजमाता म्हणाली. "त्याच्या अंगावरचं वस्त्र. चोरायचं नाही, मागायचं नाही, हिसकवायचं नाही. त्याच्याच हाताने आलं पाहिजे. आणि तो देणार नाही. मी त्याची आई आहे, मला ठाऊक आहे."

"देणार नाहीच," बकुळा म्हणाली. "पण फेकेल. फेकण्यात त्याचा हात कोण धरतो? आजी, वरचं पहिलं ताट तेवढं तटाकडे फिरवाल?"

दुपार झाली. तटावर सगळं नगर जमलं होतं. रावजीची खाट तटाच्या कडेला आणली होती, आणि उचलायला त्याचेच चार सोबती उभे होते, माना खाली घालून. राजा उदंडसेन घळईकडे पाठ करून, शेला पांघरून उभा होता. राजगुरू त्यागावर बोलत होते. इतक्यात बकुळा ढिगावरून वर आली, राखेने माखलेली, आणि थेट राजापुढे उभी राहिली.

"महाराज, हुकूम सर्वांना सारखा आहे?"

"सर्वांना."

"सांधलेलं ज्याच्यापाशी सापडेल, त्याने ते फेकावं?"

"स्वतःच्या हाताने. मी शेल्याची शपथ घेतली आहे."

"मग शेला फेका. तो सांधलेला आहे."

राजगुरू ओरडले नाहीत. ते पांढरे पडले, आणि ज्यांना नीट बघता येत होतं त्यांना तेवढ्यावरच कळलं.

"पुरावा?" राजा म्हणाला.

बकुळाने हात वर केला. खाली शिंपी पक्ष्याने शीळ घातली. ढिगावरचं ताट वळलं, आणि सूर्य राजाच्या पाठीमागून आला. शेला उजेडात विरघळल्यासारखा पारदर्शक झाला, आणि त्याच्यात एकवीस गडद ठिपके उभे राहिले, पावसाचे थेंब पडावेत तसे. गर्दीतली एक पोर मोठ्याने मोजू लागली. एकवीसपर्यंत कोणी तिला गप्प केलं नाही.

"ही नक्षी आहे," राजगुरू म्हणाले.

"नक्षीला गाठ नसते. पदर उलटा करा, महाराज. तिळाएवढी गाठ आहे. सात गाठी माझ्या आजोबांच्या. बाकीच्या त्यांच्या वडलांच्या, आजांच्या. तुमचे आजे, पणजे, सगळे रफू केलेलं पांघरूनच राज्य करत होते, आणि बरं करत होते."

राजाने पदर उलटा केला. बोट फिरवलं. बोटाला तीळ लागला.

"गुरुजी," तो म्हणाला, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"महाराज, वडीलधाऱ्यांत सर्वांनाच ठाऊक होतं. विषय काढण्याजोगा नव्हता."

गर्दीत मागे कोणीतरी हसलं. एकच जण, आणि फार हळू. पण तीस वर्षांपूर्वी तो पाहुणाही असाच हसला होता. उदंडसेनाचे कान तापले. खरं तर त्याला तिथे थांबता आलं असतं. 'हुकूम चुकला' एवढे दोन शब्द पुरे होते. शेला राहिला असता, गादीही कदाचित राहिली असती. पण जो हात तेव्हा लाजेने उठला, तोच हात तसाच पुन्हा उठला. त्याने शेला अंगावरून ओढला, चुरगाळला आणि तटावरून भिरकावून दिला.

बकुळा त्याच्यामागोमाग ढिगावरून घसरत खाली गेली. पहिल्या ताटापाशी उभ्या राजमातेने शेला दोन्ही हातांनी झेलला होता. वर आणलेली गोधडी तिने पसरली, शेला भोकावर ठेवला. बकुळाने अंबाड्यातून सुई काढली आणि टाका घातला.

टाका राहिला.

ती थांबली नाही. दुसरा, तिसरा, चौथा. शेवटच्या टाक्याशी तिने उलट्या बाजूला तिळाएवढी गाठ मारली.

वर तटावर खाटेवरून कट् असा आवाज आला. रावजीने मांडीला हात लावला. मग पाय हलवला. मग तो उठून बसला आणि आपल्या चार सोबत्यांना म्हणाला, "काय रे, उचलणार होता ना मला? आता उचला, खांद्यावर." त्यांनी उचलला. ते रडत होते, आणि तो त्यांना शिव्या घालत होता, आणि सगळं नगर शिंगं फुंकत होतं. सुताराच्या घरात खिळे आपापल्या भोकांत जाऊन बसले. कल्हई भांड्याला चिकटली. शिंपी पक्ष्याने दोन पानं घेतली आणि दुसरा टाका घातला, ठरल्याप्रमाणे.

मग लोक घळईत उतरले. फेकायला नव्हे, आणायला. सांधता येत होतं ते सांधलं, आणि सांधण्यात अर्थ नव्हता त्याला दुसरं काम दिलं. गळके रांजण झाडांच्या मुळाशी गेले. चेपकी ताटं अंधाऱ्या खोल्यांच्या खिडक्यांपुढे उभी राहिली आणि दिवसा दिवे विझले. बूड गेलेल्या घागरी एकावर एक रचून ओढ्याचं पाणी मळ्यात वळवलं. धोतरांच्या झोळ्या झाल्या, झोळ्यांच्या वाती झाल्या. बिनदांड्याच्या कढईत तुळस लागली, एका कानाच्या हंड्यात कोंबडी अंडी उबवू लागली. मोडक्या पालखीचं तर सगळ्यात बरं झालं: तिच्यात पाठशाळेतली पोरं बसून पाढे म्हणू लागली. एका महिन्यात ढीग खचला आणि नदी मोकळी झाली. ती पहिल्या दिवशी इतकी गढूळ वाहिली, की लोक काठावर उभं राहून नुसते तिच्याकडे बघून हसले.

राजगुरूंना बकुळाने विचारलं, "गुरुजी, दूर म्हणजे कुठे?" त्यांना ताटं घासायला बसवलं. राख आणि चोथा पुष्कळ होता.

ज्याच्या अंगावर शेला नाही तो राजा नाही, हा त्या राज्याचा रिवाज होता. लोक बकुळाला गादीवर बसवायला आले. ती म्हणाली, "मला दुकान उघडायचंय. आजी, शाप तुम्ही दिलात, आता राज्य तुम्हीच निस्तरा." राजमाता निमूट गादीवर बसली. तिने आपल्या शापाबद्दल भर दरबारात लोकांची क्षमा मागितली. त्या राज्यात कोणा थोराने क्षमा मागितल्याची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळे काय करावं ते कोणालाच सुचेना. शेवटी रावजी म्हणाला, "ठीक आहे, आजी," आणि दरबार पुढे सुरू झाला.

गोधडी महालात ठेवायची नाही असं पंचांनी ठरवलं. दर हिवाळ्यात ती नगरातल्या घरोघरी जाते, एका घरी एक रात्र. कोणाचं घर कधी, ते पंच ठरवतात.

उदंडसेन त्यानंतर बावीस हिवाळे जगला. गोधडी त्याच्या दारी एकदाही आली नाही.